जुन्या मोटारसायकलीचा डबल स्टँड घरी कसा करायचा

आजचा विषय पाहायला छोटा आहे. दोन पाइप, एक पिन, एक स्प्रिंग, तीन-साडेतीन किलो लोखंड. पण या तीन किलोवर सव्वाशे-दीडशे किलोची गाडी उभी राहते आणि तिच्या शेजारी बहुतेक वेळा घरातलं एखादं पोर खेळत असतं. स्टँड घसरला तर गाडी त्याच्या अंगावर जाते. म्हणून हा विषय जुगाड म्हणून सोडून देण्यासारखा नाही. नीट मोजून, नीट समजून करण्यासारखा आहे.

आपल्या अमरावती-अकोला पट्ट्यात जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. एस्कॉर्ट्सची राजदूत आहे. पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवर बेतलेली, पावणेदोनशे सीसीची, टू-स्ट्रोक. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती वर्षानुवर्षं ओढली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आहे, १९७३ पासून तिचीच येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मद्रासची बुलेट आहे, १९५५ पासूनची. या गाड्यांना कंपनीचा डबल स्टँड होताच. पण चाळीस-पन्नास वर्षांत काय होतं? पिन झिजते, भोकं लांबट होतात, एक पाय वाकतो, स्टँड खडखड वाजायला लागतो. मग कोणीतरी म्हणतो, "काढून टाका भाऊ, साइड स्टँड हाये ना." स्टँड भंगारात जातो. पुढे गाडी नीट करायची वेळ येते तेव्हा मूळ स्टँड मिळत नाही, किंवा मिळतो तो दुसऱ्याच मॉडेलचा असतो.

साइड स्टँडवर भागत नाही का? आपल्याकडे तरी नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण काळी माती. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, ही माती खोलवर आहे. पावसाळ्यात ती फुगते, लोण्यासारखी मऊ होते. उन्हाळ्यात आटते आणि भेगा पडतात. साइड स्टँडचं टोक बारीक असतं. संध्याकाळी धुऱ्यावर उभी केलेली गाडी रात्रीच्या पावसानंतर सकाळी आडवी दिसते, ती याच्यामुळे.

दुसरं कारण ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. रस्त्यांना सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० डांबराचा मृदुबिंदू किमान ४७ अंश सेल्सियस असावा, असं भारतीय मानक सांगतं. आता हवाच ४५ अंशांवर असेल तर उन्हात तापलेला काळा रस्ता साठीच्या पुढे सहज जातो. याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना यांच्या दरम्यान, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनेसचा विक्रम झाला. रस्ता कितीही चांगला असो, भर दुपारी साइड स्टँडचं टोक डांबरात हळूहळू रुततंच.

तिसरं कारण दुरुस्तीचं. चेन ताणायची, मागचं चाक काढायचं, ड्रम ब्रेक साफ करायचा, गिअरबॉक्सचं ऑइल बरोबर पातळीला आहे का पाहायचं, या सगळ्याला गाडी सरळ उभी आणि मागचं चाक अधांतरी लागतं. शिवाय जुनी गाडी महिनोन् महिने उभी राहते. दोन्ही टायर जमिनीला टेकून राहिले तर खालच्या बाजूने चपटे होतात. डबल स्टँडने निदान एक टायर वाचतो.

आता स्टँडचं तत्त्व समजून घेऊ. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी काम वेल्डिंगवाल्याचं.

कल्पना करा, गाडीच्या फ्रेमखाली एक आडवी पिन आहे. तिच्यावर दोन पायांचा स्टँड झुलतो. गाडी चालते तेव्हा स्टँडचे पाय मागच्या दिशेला वर घडी होऊन असतात. स्टँड लावताना पाय खाली येतात आणि पिनेच्या थोडं मागे जमिनीला टेकतात. मग आपण दांडीवर पाय देऊन वजन टाकतो. तेव्हा गाडी मागे सरकते आणि वर उचलली जाते. पिन तळव्यांच्या बरोबर डोक्यावर येते तेव्हा गाडी सगळ्यात उंच असते. पण तिथे ती थांबत नाही. आणखी थोडी मागे जाते, थोडीशी खाली बसते आणि स्टँडचा स्टॉपर फ्रेमला टेकतो. म्हणजे शेवटी तळवे पिनेच्या ओळंब्यापेक्षा किंचित पुढे असतात.

हे "किंचित पुढे" म्हणजेच स्टँडचं कुलूप. गाडीचं वजन पिनेला आणखी मागे आणि खाली ढकलायला पाहतं, पण स्टॉपर अडवतो. जितकं वजन जास्त तितकी गाडी घट्ट बसते. गाडी स्टँडवरून उतरायची तर तिला आधी पुन्हा थोडं वर चढावं लागतं, आणि ती आपणहून चढत नाही.

आता आकडे घेऊ. आम्ही इथे एक नमुन्याची गाडी धरतो. वजन १३० किलो. दोन्ही चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर. पिन पुढच्या चाकाच्या मध्यापासून ८०० मिलिमीटर मागे. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी असताना पिनेची जमिनीपासून उंची २५० मिलिमीटर. गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ७०० मिलिमीटरवर. तुमच्या गाडीची मापं वेगळी निघतील, ती तुम्हीच घ्यायची. रीत मात्र हीच.

मागचं चाक जमिनीपासून २५ मिलिमीटर सुटलं तर काम भागतं. पण एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. गाडी उचलली की मागचे शॉकअप उघडतात आणि चाक खाली लोंबतं. ते १५ मिलिमीटर धरू. म्हणजे मागची बाजू एकूण ४० मिलिमीटर उचलायची. गाडी पुढच्या चाकाभोवती फिरते, म्हणून पिनेपाशी उचल कमी लागते: ४० गुणिले ८०० भागिले १३०० म्हणजे जवळपास २५ मिलिमीटर. स्टँडवर बसलेल्या गाडीची पिन जमिनीपासून २५० अधिक २५, म्हणजे २७५ मिलिमीटरवर हवी.

आता कुलपाचा कोन. पाय ओळंब्यापेक्षा १० अंश पुढे ठेवू. मग पिनेपासून तळव्यापर्यंतची लांबी २७९ मिलिमीटर येते. तळवे पिनेच्या ४८ मिलिमीटर पुढे राहतात. आणि गाडी उतरताना पिनेला ४ मिलिमीटर चढावं लागतं. हे चार मिलिमीटर आपली राखण करतात.

समजा कोन ३ अंशच ठेवला. तर चढ अर्धा मिलिमीटरसुद्धा येत नाही. उतारावर, किंवा मुलाने हँडल धरून ओढलं तरी गाडी पुढे येऊन पडते. समजा कोन १५ अंश केला. चढ १० मिलिमीटर होतो. गाडी पक्की बसते खरी, पण उतरवताना दम लागतो आणि स्टॉपरवर फार जोर येतो. त्याचा हिशोब पुढे करू. म्हणून ८ ते १२ अंश हा पल्ला ठीक आहे. पिनेतून ओळंबा सोडा आणि तळव्याच्या मध्यापर्यंत मोजा. ४० ते ६० मिलिमीटर पुढे असेल तर बरोबर.

आता तो नेहमीचा प्रश्न. व्याख्यानाआधी एका श्रोत्यांनी विचारलंच: "काहो, हे स्टँड मारता मारता कंबर मोडते, काहून?"

उत्तर लांबीत आहे. गाडी स्टँडवर असते तेव्हा स्टँडवर येणारं वजन १३० गुणिले ७०० भागिले ८००, म्हणजे ११४ किलो. उरलेलं १६ किलो पुढच्या चाकावर. मागचं चाक जमीन सोडतं त्या क्षणी सगळ्यात जास्त जोर लागतो. आपल्या मापांत त्या वेळी तळवे पिनेच्या १०४ मिलिमीटर मागे असतात. पाय द्यायची दांडी तळव्यापासून मागे २१० मिलिमीटर असेल तर दांडीवर लागणारा जोर ११४ गुणिले १०४ भागिले २१०, म्हणजे ५६ किलो. साधा माणूस दांडीवर उभा राहिला की गाडी चढते. हातांनी ओढायचं नाही, फक्त तोल धरायचा.

आता हाच स्टँड कोणी "थोडा लांब असू द्या" म्हणून २० मिलिमीटर लांब केला. मागचं चाक सुटतं तेव्हा तळवे दीडशे मिलिमीटर मागे असतात आणि जोर ८१ किलोवर जातो. पासष्ट किलोचा माणूस नुसत्या वजनाने ती गाडी चढवूच शकत नाही. मग तो मागून हिसका देतो आणि कंबर जाते. दोन सेंटीमीटर पाइप म्हणजे पंचवीस किलोचा फरक. म्हणून लांबी अंदाजाने ठरवू नका.

याच हिशोबातून एक सोपी युक्तीही निघते. मागच्या चाकाखाली २० मिलिमीटर जाडीची फळी सरकवा आणि मग स्टँड लावा. स्टँड जमिनीवर, फक्त चाक फळीवर. तोच जोर ५६ वरून ३५ किलोच्या आसपास येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना, हलक्या अंगाच्या माणसांना हे फार सोयीचं पडतं. फळी चाकाखाली, स्टँडखाली नाही. नुसत्या स्टँडखाली ठेवली तर उलटं होतं, काम जड होतं.

दांडीबद्दल अजून एक. स्टँड पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपासून पूर्ण बसेपर्यंत तो छत्तीस अंशांच्या आसपास फिरतो. तेवढ्यात दांडीचं टोक बरंच खाली येतं. म्हणून टेकण्याच्या वेळी टोक जमिनीपासून १७ सेंटीमीटरच्या आसपास उंच हवं. कमी ठेवलं तर गाडी अर्धी चढली की दांडीच जमिनीला भिडते आणि काम तिथेच अडतं.

आता सामान. पायांसाठी पाऊण इंची सी-क्लास काळा पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास २६.९ आणि जाडी ३.२ मिलिमीटर. पुष्कळ जण म्हणतात, "पाइपापेक्षा भरीव सळई मजबूत." ते तसं नाही. तितक्याच वजनाची भरीव सळई साडेसतरा मिलिमीटरची येते, आणि वाकण्याला पाइप तिच्या सुमारे अडीच पट जास्त टिकतो. लोखंड मध्यापासून दूर असलं की ते जास्त कामाला येतं. सायकलची फ्रेमही याच कारणाने पाइपाची असते. नळाचा पांढरा, जस्त चढवलेला पाइप मात्र घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो.

तळव्यांसाठी ६ मिलिमीटर जाडीची पट्टी, ६० बाय ४० मिलिमीटरचे दोन तुकडे. त्यांच्या पुढच्या-मागच्या कडा थोड्या वर वळवा, म्हणजे गाडी चढताना तळवा डोलतो, खुपत नाही. पाइप नुसता कापून जमिनीवर ठेवला तर काय होतं ते पाहा. प्रत्येक पायावर ५७ किलो, पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ पावणेसहा चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १० किलो दाब. पट्टी लावली की तो २.४ किलोवर येतो. ओली काळी माती मात्र चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमीच दाब सोसते. म्हणजे शेतात पट्टीही पुरत नाही. तिथे दोन्ही तळवे नीट मावतील अशी रुंद फळी स्टँडखाली ठेवा, दाब बराच कमी होतो. आणि उंची सारखी राहावी म्हणून तेवढ्याच जाडीची दुसरी फळी मागच्या चाकाखाली. अशा दोन फळ्या पावसाळ्यात गाडीला बांधून ठेवायला काही हरकत नाही.

दोन तळव्यांमधलं अंतर ३०० मिलिमीटर ठेवा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटर धरला तर गाडी साधारण सोळा अंश कलेपर्यंत पडत नाही. यापेक्षा अरुंद केलं तर धक्क्याला पडेल. फार रुंद केलं तर वळणावर गाडी झुकली की घडी केलेला स्टँड रस्त्याला घासेल. दोन पायांमध्ये एक आडवा पाइप हवाच, नाहीतर वर्षभरात पाय फाकतात.

पिन आणि बुश यांत कंजुषी नको. जुन्या फ्रेमची भोकं बहुधा लांबट झालेली असतात. पिनेचे दोन आधार १५ सेंटीमीटर अंतरावर असतील आणि तिथे एक मिलिमीटर ढिलाई असेल, तर खाली तळव्यापाशी ती जवळजवळ दोन मिलिमीटर होते आणि गाडी डुगडुगते. स्टँडच्या आडव्या पाइपात लेथवर केलेली बुश बसवा, पिन तिच्यात हाताने फिरेल इतकी घट्ट ठेवा, ग्रीससाठी एक निपल लावा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. गाडीच्या फ्रेमला वेल्डिंग मारू नका. स्टँड वेगळा बनवा आणि मूळच्या भोकांत पिनेने बसवा. याला दोन कारणं आहेत. एक, जुन्या फ्रेमचं लोखंड गंजून आतून पातळ झालेलं असतं, वेल्डिंगच्या कडेला ते तडकतं. दुसरं कारण कायद्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावा. म्हणजे ज्या राजदूतची, ज्या जावाची किंमत तिच्या मूळपणात आहे, तिच्या फ्रेमवर एक पट्टी डकवून आपण तीच गमावू शकतो. एमएच २७ असो की एमएच ३०, नियम एकच. पिनेवरचा स्टँड केव्हाही काढता येतो, फ्रेमला मारलेलं वेल्डिंग पुसता येत नाही.

आता करायची रीत क्रमाने सांगतो.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर आणा. दोन्ही टायरांत हवा बरोबर भरा. हवा कमी असेल तर सगळी मापं चुकतात. दोन माणसांनी गाडी सरळ धरायची, कोणी बसायचं नाही. पिनेची उंची, पिन ते पुढच्या चाकाचा मध्य, दोन्ही चाकांमधलं अंतर, फ्रेमवरच्या स्टॉपरची जागा, सगळं वहीत लिहा. मग मागच्या मडगार्डला धरून गाडी हळूच वर ओढा आणि चाक जमीन सोडण्याआधी फ्रेम किती वर येते ते मोजा. ते तुमच्या शॉकअपचं माप.

मग फरशीवर खडूने एकास एक मापाचं चित्र काढा, बाजूने पाहिल्यासारखं. पिन, जमीन, टेकलेला पाय, बसलेला पाय, घडी झालेला पाय. घडीच्या जागेत चेन, सायलेन्सर, ब्रेक रॉड आडवे येतात का तेही चित्रातच कळतं. चित्रावर एक तास गेला तर वेल्डिंगचा एक दिवस वाचतो.

पाइप कापताना पाय हिशोबापेक्षा ३० मिलिमीटर लांब ठेवा. कापलेला पाइप वाढवता येत नाही. आडव्या पाइपाला पाय जोडायचा तिथे पायाच्या तोंडाला त्या पाइपाच्या गोलाईची खाच करा, फट राहिली की वेल्डिंग नुसतं वरवर बसतं. आधी फक्त टाके मारा. गाडीला लावून पाहा. ओळंबा सोडा. पाय थोडे थोडे कापत बरोबर उंचीला आणा, दोन्ही बाजू सारख्या. मग तळव्यांचे टाके. पुन्हा लावून पाहा. सगळं मनासारखं झालं की स्टँड गाडीवरून काढून दूर नेऊन पक्कं वेल्डिंग मारा. ३.१५ मिलिमीटरची ६०१३ रॉड, १०० ते १२० अँपिअर, सांधा सगळीकडून गोल फिरवून. गाडीवर स्टँड असताना टाका मारायची वेळ आलीच तर बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी काढून बाहेर ठेवा आणि अर्थची क्लँप स्टँडलाच लावा. करंट चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं.

आता स्टॉपर, कारण घरगुती स्टँड बहुतेक वेळा इथेच मोडतो. गाडी नुसती उभी असते तेव्हा फारसं काही नसतं. पण आपल्याकडे गाडी स्टँडवर लावली की तिच्यावर कोणीतरी बसतंच. पानटपरीवर तर ती खुर्चीच होते. ७० किलोचा माणूस सीटवर बसला की स्टँडवर जवळपास सगळे २०० किलो येतात आणि पुढचं चाक हलकं होतं. तळवे पिनेच्या ४८ मिलिमीटर पुढे आहेत आणि स्टॉपर पिनेपासून ६० मिलिमीटरवर आहे. स्टॉपरवरचा जोर २०० गुणिले ४८ भागिले ६०, म्हणजे १६० किलो. तो माणूस धपकन बसला तर दुप्पट, ३२० किलो. आणि मघाशी म्हटला तो १५ अंशांचा स्टँड असेल तर नुसतं सावकाश बसलं तरी २४६ किलो. म्हणून स्टॉपर ८-१० मिलिमीटर जाड पट्टीचा करा, दोन्ही पायांना एकेक, आणि फ्रेमला दोन्ही एकाच वेळी टेकतात ना ते कागदाचा कपटा घालून पाहा. एकच टेकत असेल तर सगळा जोर एका बाजूला जातो आणि स्टँड पिळला जातो.

स्प्रिंग साधी ओढीची चालते. स्टँड खाली असताना ती सगळ्यात जास्त ताणलेली असावी, म्हणजे गाडी उतरली की स्टँड आपोआप झटक्याने वर जातो. एक जाड स्प्रिंग लावण्यापेक्षा दोन लावा. एक तुटली तर दुसरी स्टँड वर धरून ठेवते. चालत्या गाडीचा स्टँड खाली पडून रस्त्याला घासत जाणं गमतीची गोष्ट नाही. तो मागे घडी होणारा असल्यामुळे रुतून गाडी उलटवत नाही, फरफटत येतो. पण खड्ड्याच्या कडेला दांडी अडकली तर गाडी हातातून जाते. वर घडी झालेला स्टँड जिथे टेकतो तिथे जुन्या टायरचा रबराचा तुकडा लावा, खडखड थांबते.

शेवटी चाचणी. याशिवाय स्टँडवर विश्वास ठेवायचा नाही. आधी वेल्डिंगवरची पपडी काढा, सांध्यांना रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. बारीक तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवतं. तडा दिसला की तो सांधा घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा. वरून थर चढवायचा नाही. मग गाडी स्टँडवर घ्या, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा आणि सीटवर युरियाचं ४५ किलोचं पोतं ठेवा. नंतर दुसरं ठेवा, ९० किलो झाले. हँडल धरून हळूच हलवा. रात्रभर तसंच राहू द्या, पण जवळपास पोरंबाळं, जनावरं नकोत. सकाळी तळव्यांमधलं अंतर पुन्हा मोजा. ३०० चं ३०० असेल तर स्टँड पास. ३०३ झालं असेल तर आडवा पाइप कमी पडला, तो जाड करा.

मग रेड ऑक्साइड, त्यावर काळा ऑइलपेंट. पाइपाच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक ठेवा. आत गेलेलं पाणी बाहेर पडलं नाही तर पाइप आतून गंजतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता दोन-तीन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

"इंजिन खाली उतरवलं तरी गाडी स्टँडवर राहील का?" सांगता येत नाही, मोजावं लागतं. इंजिन गेलं की गुरुत्वमध्य सरकतो. तो पिनेच्या मागे गेला तर गाडीची मागची बाजू खाली बसते आणि पुढचं चाक वर येतं. पुढचं चाक काढलं तरी तसंच होऊ शकतं. असं काम करताना मागे आणि पुढे लाकडी ठोकळे द्या. नुसत्या स्टँडच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

"स्टँडवर गाडी उभी करून किक मारली तर चालते का?" मागचं चाक अधांतरी आहे, गाडी न्यूट्रलमध्येच हवी. गिअरमध्ये राहिली आणि इंजिन सुरू झालं तर चाक जोरात फिरतं, आणि ते चाक जमिनीला टेकलं की गाडी स्टँडवरून सुटून पुढे पळते. शिवाय रोज किकचा दणका दिला की पिन आणि स्टॉपर लवकर झिजतात. गाडी उतरवा, मग किक मारा. आणि फिरत्या चाकाच्या स्पोकमध्ये, चेनवर, फडकं धरून साफसफाई कधीच नको. बोटं अशीच जातात.

"बुलेटलाही हेच माप चालेल का?" माप नाही, रीत चालेल. बुलेट या नमुन्याच्या गाडीपेक्षा तीसेक किलोने जड आहे, तिच्या पिनेची उंची वेगळी आहे. एका गाडीचा स्टँड पाहून दुसरीचा केला की काय होतं, ते त्या वीस मिलिमीटरच्या हिशोबात आपण पाहिलंच.

तर मंडळी, उद्या काम काढाल तेव्हा चारच आकडे वहीत असू द्या. पिनेची उंची, मागच्या चाकाची उचल, तळवे पिनेच्या किती पुढे, आणि स्टॉपर पिनेपासून किती दूर. हे चार आकडे घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर अमरावतीच्या एमआयडीसीत काय किंवा अकोल्याच्या कुठल्याही गल्लीत काय, तो अर्ध्या दिवसात पक्का स्टँड करून देईल. आकडे नसतील तर तो त्याच्या अंदाजाने करील, आणि गाडी आपली आहे.